आधी पाण्याची नाडी

मासा आजारी पडल्याचे माणसाला बहुतेक वेळा उशिरा कळते. मासा ओरडत नाही, कण्हत नाही. त्याच्या अंगाचे तापमान भोवतालच्या पाण्याएवढेच असते, त्यामुळे ताप आल्याचे हाताला लागत नाही. शिवाय नदीत किंवा तळ्यात अशक्त दिसणारा मासा सगळ्यात आधी खाल्ला जातो, म्हणून दुखणे लपवणे त्याच्या हाडीमाशी असते. काचेच्या टाकीतला गोल्डफिश कोपऱ्यात निपचित बसतो किंवा शेततळ्यातले कटले पहाटे तोंड वर काढून हवा गिळू लागतात, तोवर दुखणे सुरू होऊन बराच काळ लोटलेला असतो. हाताशी उरलेला वेळ मग तासांतच मोजावा लागतो.

तातडीची लक्षणे थोडी आहेत आणि ती ओळखायला डॉक्टर लागत नाही. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, कल्ल्यांची झाकणे नेहमीपेक्षा भरभर हलतात, अंग एका कुशीवर कलते किंवा मासा उलटा तरंगतो. पर अंगाशी मिटलेले राहतात. काही मासे दगडावर, वाळूवर अंग घासतात. काहींच्या अंगावर रक्ताळलेले डाग दिसतात, काहींचे पोट फुगून खवले उभे राहतात. यांपैकी काहीही दिसले की पहिला प्रश्न एकच विचारायचा: त्रास एका माशाला आहे की सगळ्यांना? एकच मासा हैराण असेल आणि बाकीचे चरत-फिरत असतील तर जखम, गाठ किंवा त्या माशापुरता आजार संभवतो. सगळे मासे एकाच वेळी हैराण झाले असतील तर दोष जवळजवळ नेहमी पाण्यात असतो. अशा वेळी औषधाची बाटली उघडणे म्हणजे वेळ घालवणे आणि बऱ्याचदा त्रास वाढवणे.

कल्ल्यांवर किती कामे

माशाचे कल्ले हे फुप्फुसाचे काम करतात हे शाळेत शिकवले जाते. त्यापुढचे सहसा कोणी सांगत नाही. शरीरात तयार होणारा बहुतेक अमोनिया मासा लघवीवाटे नव्हे, कल्ल्यांवाटेच बाहेर टाकतो. रक्तातल्या क्षारांचा तोलही कल्लेच राखतात. इतक्या कामांसाठी कल्ल्यांची त्वचा अत्यंत पातळ असावी लागते आणि ती सतत पाण्यात उघडी असते. पाणी बिघडले की सर्वांत आधी तीच भाजते.

हवेचा सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू असतो. पाण्यात मात्र तो फारच थोडा मावतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा कमी होतो. वैशाखातल्या दुपारी गॅलरीतल्या टाकीत मासे का गुदमरतात, त्याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत राहते. मूत्रपिंड ते पातळ लघवीच्या रूपाने बाहेर फेकते आणि गमावलेले क्षार कल्ले पुन्हा ओढून घेतात. कातडीला जखम झाली, खवले निघाले की या बंदोबस्ताला भोक पडते: पाणी वेगाने आत येते, क्षार बाहेर जातात. म्हणून गोड्या पाण्यातल्या जखमी किंवा थकलेल्या माशासाठी मीठ हा सगळ्यांत जुना आणि आजही सगळ्यांत भरवशाचा आधार आहे. लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ मिसळले की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि माशाची शक्ती जखम भरण्यासाठी वाचते. समुद्री माशाचे गणित उलटे असते. त्याच्या शरीरातून पाणी बाहेर जात राहते आणि तो समुद्राचे पाणी पिऊन जगतो, त्यामुळे त्याला मिठाचा हा उपाय लागू नाही.

दिवाळीची साफसफाई

घरगुती टाकीतले बरेच मासे मरतात ते सफाईच्या मायेपोटी. आश्विन लागला की घर धुऊन निघते, आणि त्यात दिवाणखान्यातली टाकीही येते. मासे बादलीत काढले जातात, जुने पाणी मोरीत ओतले जाते, खडे साबणाने घासले जातात, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला जातो. मग नळाला पाइप लावून टाकी काठोकाठ भरली जाते आणि मासे त्यात सोडले जातात. टाकी लखलखते. संध्याकाळी मासे वर येऊन धापा टाकू लागतात. त्यातून वाचलेले चार-पाच दिवसांनी पुन्हा आजारी पडतात.

ही संकटे दोन आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे. पहिले क्लोरीनचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे. माणसाला ते सुरक्षित असले तरी त्याहून कितीतरी कमी क्लोरीनने माशाचे कल्ले भाजतात. यावर उतारा म्हणजे सोडियम थायोसल्फेट. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत ते ‘अँटी-क्लोरीन’ नावाने थेंबांच्या बाटलीत किंवा खड्यांच्या रूपात मिळते. मासे आधीच धापा टाकत असतील तर ते लगेच घालावे आणि एअर पंप जोरात चालवावा. क्लोरीन क्षणात निष्प्रभ होते, पण भाजलेले कल्ले भरायला काही दिवस लागतात. तेवढ्या काळात खाद्य अगदी कमी ठेवावे आणि हवा भरपूर द्यावी. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवल्यानेही क्लोरीन उडून जाते. मात्र पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरले जात असेल, तर ते नुसते साठवून ठेवल्याने जात नाही.

दुसरे संकट अमोनियाचे, आणि तेच जास्त जीवघेणे. स्पंज आणि खड्यांवरचा तपकिरी बुळबुळीत थर डोळ्यांना घाण दिसतो, पण त्यातच टाकीचा खरा कारभारी राहतो. तिथले जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात. साबण आणि क्लोरीन यांनी हे जिवाणू मरतात. त्यांची वस्ती नव्याने बसायला काही आठवडे लागतात आणि तोवर मासे स्वतःच्याच अमोनियात राहतात.

अमोनिया किती विषारी हे पाण्याच्या पीएचवर ठरते. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तो वाटा पाच टक्क्यांवर जातो, ९ झाला की तिसऱ्या हिश्श्यापलीकडे. म्हणून अशा वेळी पाणी ‘सुधारण्यासाठी’ चुना किंवा खाण्याचा सोडा घालणे म्हणजे विष वाढवणे. वर्षानुवर्षे नीट न बदललेल्या जुन्या टाकीतही हाच धोका लपलेला असतो. तिथला पीएच हळूहळू उतरलेला असतो, अमोनिया साठूनही मासे तगलेले असतात. अशा टाकीत एकदम सगळे पाणी बदलले की पीएच चढतो आणि सौम्य रूपातला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. अशा जुन्या टाकीचे पाणी थोडे थोडे, रोज पाचवा-सहावा हिस्सा, असे बदलावे.

सफाईनंतरच्या अमोनियावरचा उपचार साधा आहे. टाकीच्याच तापमानाचे, क्लोरीन काढलेले पाणी घेऊन तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे. दोन-तीन दिवस खाद्य पूर्ण थांबवावे. निरोगी मोठा मासा इतका काळ सहज उपाशी राहतो. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर तो ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये बसवावा, म्हणजे तयार जिवाणू येतात. अमोनिया शोषणारे झिओलाइटचे खडेही उपयोगी पडतात, पण पाण्यात मीठ घातले की हेच खडे शोषलेला अमोनिया परत सोडू लागतात. झिओलाइट आणि मीठ एकाच टाकीत कधीही एकत्र वापरू नयेत.

नायट्राइट वाढला की तो रक्तातल्या लोहद्रव्याला अडवतो आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. इथे मीठच कामी येते. मिठातले क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटला अडवते. लिटरला १ ग्रॅम मीठही यासाठी पुरेसे असते. मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून तासा-दोन तासांत हळूहळू घालावे. टाकीत पाणवनस्पती किंवा बिनखवल्यांचे मासे असतील तर प्रमाण कमीच ठेवावे.

मात्रा काढताना खूप लोकांचा हिशेब चुकतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकीत कागदावर ५४ ते ५६ लिटर पाणी बसते. वरचा रिकामा भाग, खडे आणि शोभेचे दगड वजा केले की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास उरते. पूर्ण मापाने औषध घातले तर मात्रा आपोआप पाचव्या हिश्श्याने वाढते. तांब्याची किंवा फॉर्मॅलिनची औषधे वापरताना एवढा फरक माशाच्या जिवावर बेततो.

सणाच्या दिवसांतले आणखी दोन अपघात सहज टाळता येतात. घराला रंग लागत असताना किंवा झुरळांचे औषध फवारताना एअर पंप सुरूच राहतो, आणि खोलीतली विषारी हवा तो थेट पाण्यात ढकलतो. टाकी झाकून पंपाची नळी दुसऱ्या खोलीतून किंवा खिडकीबाहेरून घ्यावी. दुसरे, गावी जाताना ‘आठ दिवसांचे’ म्हणून खाद्य एकदम टाकले जाते. ते कुजते आणि परत येईपर्यंत पाणी दुधाळ झालेले असते. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तर मरत नाहीत. कुजलेल्या खाद्यातले मासे मात्र मरतात.

वीज गेली तर तांब्याने टाकीतलेच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. बंद डब्याचा फिल्टर बरेच तास थांबला असेल तर वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नये. आत अडकलेले पाणी सडलेले असते. ते फेकून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मग फिल्टर चालवावा.

पहाटेचे तळे

शेततळ्यातली आणीबाणी जवळजवळ ठरलेल्या वेळी येते: रात्री उशिरा ते सूर्योदयाच्या आसपास. दिवसा पाण्यातले शेवाळ ऊन घेऊन प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे सगळे मिळून तो वापरतात. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. पाणी दाट हिरवे असेल, आदल्या दिवशी आभाळ झाकलेले असेल किंवा पावसाने शेणखत आणि माती तळ्यात वाहून आली असेल, तर पहाटेपर्यंत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली जातो. मग कटला, रोहू, मृगळ काठाशी गर्दी करून तोंडे वर काढतात. सूर्य वर आल्यावर ते खाली गेले म्हणजे संकट टळले असे नव्हे, पुढच्या पहाटे ते परत येणार असते. मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून महाराष्ट्रभर प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी वाढली. अनेकांनी साठवलेल्या पाण्यात जोडधंदा म्हणून मत्स्यबीजही सोडले. अस्तराच्या तळ्याला काठ उभे आणि पाणी थोडे असते. माशांची संख्या जास्त झाली की ही अडचण तिथे लवकर उभी राहते.

पहाटे मासे वर दिसले की पॅडलव्हील एरेटर असेल तर तो आधी सुरू करायचा. नसेल तर मोटर लावून तळ्यातलेच पाणी उचलायचे आणि पाइपचे तोंड बोटाने दाबून किंवा स्प्रिंकलर जोडून ते हवेत उडवत पुन्हा तळ्यात सोडायचे. पाणी हवेतून जाताना प्राणवायू घेते. बोअरचे पाणी सरळ सोडण्यात मदत कमी आणि धोका जास्त, कारण खोलवरच्या पाण्यात प्राणवायू फारसा नसतो. ते आधी पत्र्यावर किंवा दगडांवर आपटून मगच तळ्यात जाऊ द्यावे. खाद्य आणि शेणखत बंद. पोटॅशियम परमँगनेट टाकल्याने प्राणवायू वाढतो असा समज अनेक गावांत आहे, तो बरोबर नाही. उलट, त्याने एकदम मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते.

तळ्यात मासे मेलेले सापडले तर ते कसे मेले हे तळ्यावरच बरेचसे वाचता येते. प्राणवायू कमी पडला असेल तर मोठे मासे आधी मरतात, मरताना तोंड उघडे आणि कल्ले पसरलेले राहतात, आणि मरळ, मागूर यांसारखे हवेतला श्वास घेणारे मासे वाचतात. कीटकनाशक किंवा कारखान्याचे पाणी शिरले असेल तर लहान मासे, कीटक, बेडूक सगळेच मरतात, आणि ते दिवसाच्या कोणत्याही वेळी. अशा वेळी फोन करण्याआधी काचेच्या किंवा स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून बर्फात ठेवावे. दोन तासांनी वाहून गेलेले विष कुठल्याही प्रयोगशाळेला सापडत नाही.

देवस्थानांच्या कुंडांतही हेच घडते. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मरून वर येण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा घडले आहेत. पिंड, पीठ, फुले पाण्यात कुजतात, कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात, आणि बंद तलावात नवे पाणी येत नाही. मेलेले मासे उचलून नेल्याने तलाव स्वच्छ दिसतो, पण कारण तळाशीच राहते. ताबडतोब हवा देणे आणि जड गाळ काढणे हाच तिथला उपचार. पुढच्या वर्षी अन्न पाण्यात न टाकता काठावर गोळा करणे ही त्याची पुढची पायरी.

अंगावरची जखम

टाकीतून उडी मारून फरशीवर पडलेला मासा मेला असे समजून फेकला जातो, हे दुर्दैवी आहे. हवेत कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्या एकमेकींना चिकटतात, म्हणून मासा गुदमरतो, पण कल्ले ओले असेपर्यंत आशा असते. हात टाकीच्या पाण्यात भिजवूनच त्याला उचलावे. कोरडा हात, कोरडा रुमाल किंवा टिश्यू पेपर लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. तो थर माशाचे जंतूंपासूनचे पहिले संरक्षण आहे. त्याच्याच टाकीत मासा सरळ धरून, तोंड पुढे ठेवून, पंपाच्या हळू प्रवाहासमोर ठेवावा. झाकणे हलू लागली की सोडावा. थर निघालेल्या जागी दोन-तीन दिवसांनी कापसासारखी बुरशी येऊ शकते, तेव्हा त्या दिवसांत लक्ष ठेवावे.

भांडणात फाटलेले पर सहसा आपणहून वाढतात, मुळापर्यंत सडले तर नाही. जखमी माशाला वेगळी टाकी द्यावी: खडे नसलेली, एका कोपऱ्यात लपायला तुटक्या कुंडीचा तुकडा, वर मंद हवा, अंधुक प्रकाश आणि लिटरला २-३ ग्रॅम मीठ. इतर माशांची तोंडे त्या जखमेवर येऊ न देणे हा निम्मा उपचार आहे. खोल जखम डॉक्टर भूल देऊन, मासा ओल्या कापडावर घेऊन स्वच्छ करतात आणि तिच्यावर पाण्यात टिकणारे मलम लावतात.

गोल्डफिश उलटा तरंगणे ही घरोघरची भीती. गोल, आखूड अंगाच्या जातींत पोटातले अवयव दाटीने बसलेले असतात आणि वाताशयावर, म्हणजे तरंगण्यासाठीच्या हवेच्या पिशवीवर, सहज दाब येतो. कोरडे तरंगते खाद्य खाताना हवाही गिळली जाते. दोन-तीन दिवस उपवास, मग बुडणारे खाद्य किंवा साल काढून शिजवलेल्या मटारचे बारीक तुकडे यांनी अनेक मासे सरळ होतात. एक्स-रेमध्ये वाताशय काळे दिसते, त्यामुळे ते फुगले आहे, सरकले आहे की पाण्याने भरले आहे हे स्पष्ट कळते. खवले उभे राहिलेल्या माशाची गोष्ट गंभीर असते. पोट पाण्याने भरते ते बहुधा मूत्रपिंड किंवा यकृत निकामी झाल्यामुळे, आणि तिथे बाहेरून घातलेली औषधे क्वचितच पुरतात.

काचपट्टीवर काय दिसते

दुकानाच्या काउंटरवर निदान लक्षणावरून होते आणि निळी, पिवळी, हिरवी बाटली हातात येते. मिथिलीन ब्लू बुरशीवर उपयोगी आहे, पण मुख्य टाकीत घातले तर फिल्टरमधले जिवाणूही मारते आणि अमोनियाचे संकट नव्याने उभे करते. खरे निदान सूक्ष्मदर्शकाखाली होते, आणि ते फार अवघड नाही. माशाच्या अंगावरून काचपट्टीच्या कडेने हलकेच थोडा चिकट थर खरवडून, त्यावर टाकीच्याच पाण्याचा थेंब टाकून ताबडतोब पाहिले की हलणारे परजीवी जिवंत दिसतात. कल्ल्याचा लहानसा तुकडाही असाच पाहिला जातो. दहा मिनिटांच्या या तपासणीने आठवडाभराचे चुकीचे औषध वाचते.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याचे चांगले उदाहरण आहे. तो करणारा एकपेशीय परजीवी माशाच्या कातडीखाली राहतो, तिथे त्याला औषध पोहोचत नाही. तो पिकला की गळून तळाशी बसतो, त्यातून शेकडो पिल्ले सुटतात आणि दोन दिवसांच्या आत त्यांना नवा मासा गाठावा लागतो. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारते. पाणी २५ अंशांना असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते, थंडीत कित्येक आठवडे लागतात. ठिपके गेले म्हणून दुसऱ्या दिवशी औषध थांबवणाऱ्याच्या टाकीत रोग परत येतो, तो याच कारणाने. फॉर्मॅलिन वापरायचे तर लक्षात ठेवायला हवे की ते स्वतःच पाण्यातला प्राणवायू खाते, आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेले फॉर्मॅलिन माशांसाठी विषच असते.

अर्गुलस, म्हणजे माशांची ऊ, नुसत्या डोळ्यांनीही दिसते: चपटी, पारदर्शक, दोन काळ्या डोळ्यांची. टाकीतल्या एका-दोन माशांवर ती ओल्या कापडात मासा धरून चिमट्याने काढता येते. तळ्यात मात्र पाण्याच्या मापाने औषध लागते. तळे १० गुंठ्यांचे आणि सरासरी दीड मीटर खोल असेल तर त्यात सुमारे १५ लाख लिटर पाणी असते. लिटरला १ मिलिग्रॅम मात्रा म्हणजे पूर्ण दीड किलो औषध. अंदाजाने मूठभर टाकणाऱ्याचे औषध वाया जाते किंवा मासे जातात.

खाण्याच्या माशांना औषध देताना बंधने आणखी कडक आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान आणि मॅलॅकाइट ग्रीन यांचा वापर खाण्याच्या माशांवर करता येत नाही, कारण त्यांचे अंश मांसात राहतात. प्रतिजैविक तज्ज्ञाच्या सल्ल्याने दिले तरी विक्रीपूर्वी ठरावीक दिवस थांबावेच लागते. १९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरलेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या व्रणरोगाच्या वेळी तळी बुरशीसदृश जंतूने भरली होती आणि अनेकांनी हाताला लागेल ते औषध टाकले. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले. पावसाळ्यानंतर पाणी थंड होऊ लागताना हा रोग उसळतो, म्हणून त्या सुमारास अंगावर लाल डाग दिसताच नमुना तपासायला द्यावा.

टेबलावरचा मासा

सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या लॉर्ट स्मिथ प्राणी रुग्णालयात जॉर्ज नावाच्या दहा वर्षांच्या गोल्डफिशच्या डोक्यावरची गाठ काढण्यात आली. शस्त्रक्रिया सुमारे ४५ मिनिटांची होती आणि तिची बातमी जगभर गेली. ती कशी झाली हे समजले की माशांच्या शस्त्रक्रियेचा सगळा गाभा समजतो. तीन बादल्या होत्या. पहिलीत भूल आणणाऱ्या मात्रेचे पाणी, दुसरीत भूल टिकवणाऱ्या कमी मात्रेचे, तिसरीत शुद्धीवर येण्यासाठी स्वच्छ पाणी. मासा पाण्याबाहेर असताना तोंडातून घातलेल्या नळीने दुसऱ्या बादलीतले प्राणवायू मिसळलेले पाणी सतत कल्ल्यांवरून वाहत ठेवले होते. मासा टेबलावर होता, त्याचा श्वास मात्र पाण्यातच चालू होता.

भुलीसाठी ट्रायकेन हे औषध वापरतात. ते पाणी आम्लयुक्त करते, म्हणून त्यात सोडा मिसळून पीएच सावरावा लागतो. ट्रायकेन मिळत नसेल तिथे लवंग तेलातले युजेनॉल चालते. लवंग तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवतात. मासा आधी डुलतो, मग कलतो, मग शेपटी चिमटीत धरली तरी हलत नाही. कल्ल्यांची हालचाल मंद पण चालू असते, तेव्हा काम करण्याजोगी भूल चढलेली असते. हालचाल थांबली तर लगेच स्वच्छ पाणी.

वेदनाशामक द्यायचे की नाही यावर पूर्वी वाद होता. २००३ मध्ये एडिनबर्गजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्यावर वेदना टिपणारे मज्जातंतू आहेत हे दाखवले. ओठात आम्ल टोचलेल्या माशांनी खाणे लांबवले आणि ओठ खड्यांवर घासले. मॉर्फिन दिल्यावर हे वर्तन कमी झाले. शस्त्रक्रियेत आता वेदनाशामक देणे योग्य मानले जाते, आणि ते द्यायलाच हवे.

डॉक्टर कुठे सापडतो

महाराष्ट्रात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली मिळतात, माशांचे मिळत नाहीत. माशांच्या रोगांचे शिक्षण आणि तपासणी मुख्यतः मत्स्यविज्ञानाच्या संस्थांत होते. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची नागपूर व उदगीर इथली महाविद्यालये रोगनिदानात मार्ग दाखवू शकतात. देशभर रोगांवर नजर ठेवण्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय जलचर रोग निगराणी कार्यक्रम चालतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल अ‍ॅपवरून शेतकरी फोटोसह रोगाची माहिती कळवू शकतो. पण अ‍ॅपवरच्या फोटोने सूक्ष्मदर्शकाचे काम होत नाही, आणि बहुतेक तालुक्यांतला शेतकरी प्रयोगशाळेपासून दूर असतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असू शकतो. तिथल्या डॉक्टरांना माशाची काचपट्टी तयार करण्याचे आणि वाचण्याचे थोडे प्रशिक्षण मिळाले तर हे अंतर सर्वांत स्वस्तात कमी होईल.

तपासणीसाठी मेलेला मासा सहसा उपयोगी पडत नाही. मेल्यावर काही तासांत परजीवी सोडून जातात आणि कुजवणारे जिवाणू सगळीकडे शिरतात. आजारी पण जिवंत दोन-तीन मासे, एक तृतीयांश पाणी आणि उरलेला प्राणवायू भरलेल्या जाड पिशवीत, सावलीत न्यावेत. पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत द्यावा. मासा वाटेत मेलाच तर बर्फात ठेवावा, फ्रीजरमध्ये गोठवू नये, कारण गोठल्यावर पेशी फुटतात. परजीवी पाहायचे आहेत की विषाणू, यावर नमुना कसा जपायचा ते ठरते, म्हणून निघण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून विचारावे. सोबत कागदावर लिहून न्यावे: पाणी कधी बदलले, नवे मासे कधी आणले, कोणते खाद्य, कोणते औषध किती घातले, पहिला मासा कधी मेला. लांबच्या प्रवासाहून आलेली पिशवी उघडताना एक काळजी घ्यावी. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया सौम्य राहतो. पिशवी उघडी ठेवून तासभर वाट पाहिली तर तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळले की मासा लवकर बाहेर काढावा आणि पिशवीतले पाणी टाकून द्यावे.

वाचणार नसेल तेव्हा

कधी कधी उपचार थांबवणेच योग्य असते. अवयव निकामी झालेला, खाणे पूर्ण सोडलेला, उलटा पडून कल्ले जेमतेम हलवणारा मासा दिवसेंदिवस तसा ठेवणे म्हणजे त्याचे हाल लांबवणे. फ्रीजरमध्ये ठेवणे, पाण्याबाहेर सोडून देणे किंवा संडासातून वाहून देणे यांपैकी काहीही वेदनारहित नाही. लवंग तेलाची किंवा ट्रायकेनची मोठी मात्रा पाण्यात मिसळून मासा त्यात ठेवणे हा सभ्य मार्ग आहे. कल्ले थांबल्यावरही मासा अर्धा तास त्याच पाण्यात ठेवावा लागतो, कारण माशाचे शरीर प्राणवायूशिवाय बराच वेळ तग धरते आणि स्वच्छ पाण्यात गेला तर तो पुन्हा शुद्धीवर येऊ शकतो.

मेलेले मासे लगेच काढून खोल पुरावेत, तळ्यातले असतील तर पुरताना चुना टाकावा. ते कोंबड्यांना किंवा इतर माशांना खाऊ घालू नयेत. जाळी, बादल्या, हात वापरून झाल्यावर धुऊन वाळवावेत, कारण रोग एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बहुधा ओल्या जाळीवरूनच जातो. नवा मासा आणला तर त्याला किमान दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. आजारी किंवा नकोसा झालेला अ‍ॅक्वेरियमचा मासा नदीत, विहिरीत किंवा तलावात कधीही सोडू नये. शोभेसाठी आणलेला सकर मासा महाराष्ट्रातल्या जलाशयांत सुटून वाढला आहे. तो मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि एकदा पाण्यात पसरल्यावर तो परत काढता येत नाही.